कलावंताची साधना आणि कलेचे अध्यापन

१. प्रश्नाचे स्वरूप

चित्रकला किंवा शिल्पकला शिकविणाऱ्या अध्यापकाने स्वतः चित्रे काढीत असणे, शिल्पे घडवीत असणे कितपत आवश्यक आहे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. गणिताचा अध्यापक गणितात नवे संशोधन करीत नसला तरी गणित चांगले शिकवू शकतो, मग चित्रकलेच्या अध्यापकालाच वेगळा नियम का लावावा, असे कोणी म्हणेल. उलट पक्षी, ज्याने वर्षानुवर्षे कुंचला हाती धरलेला नाही त्याने दुसऱ्याच्या चित्रातील दोष दाखवावेत हे हास्यास्पद आहे, असेही म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु कलावंताच्या साधनेतून अध्यापनाच्या वर्गात नेमके काय येते, ह्या मूळ प्रश्नाला दोन्ही मते बगल देतात.

ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'शैली' ह्या शब्दाने दिले जाते. गुरूची शैली शिष्याकडे जाते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात ह्याच समजाची तपासणी करावयाची आहे. अध्यापकाच्या साधनेतून विद्यार्थ्याकडे जाते ते शैलीहून निराळे काही असते. तो निर्णय घेण्याचा एक प्रकार असतो, आणि तो ज्या वाटांनी जातो त्यांत कार्यशाळेतील बोलण्याचा वाटा फार मोठा आहे, असे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणांसाठी शांतिनिकेतनातील कलाभवन आणि बडोद्याची ललितकला विद्याशाखा ह्या परस्परांशी निगडित असलेल्या दोन संस्था मुख्यतः निवडल्या आहेत.

२. 'कित्ता', 'वळण' आणि 'हातोटी'

हाताने शिकावयाच्या विद्येसंबंधी मराठीत जी शब्दसंपत्ती आहे, तिच्याकडे प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल. 'कित्ता' म्हणजे समोर ठेवलेले नमुन्याचे अक्षर. कित्ता गिरविणे म्हणजे त्या अक्षरावरून पुनःपुन्हा हात फिरविणे. ह्या क्रियेत शिकविणाऱ्याची उपस्थिती अनिवार्य नसते. कित्ता एकदा लिहून दिला की त्याचे काम संपते. 'वळण' हा शब्द मात्र एक पायरी पुढे जातो. अक्षराला वळण असते तसे हाताला वळण लागते, आणि मुलालाही चांगले वळण लावतात. एकच शब्द अक्षराच्या आकाराला आणि माणसाच्या वागणुकीला लावला जातो, ह्याचा अर्थ असा की वळण ही नुसती आकृती नव्हे, ती आकृती घडविणारी सवय होय. तिसरा शब्द 'हातोटी'. हातोटी दाखविता येते, साधते, कोणाला ती असते, कोणाला नसते. परंतु ती लिहून देता येत नाही. 'नजर' हा शब्दही ह्याच कुळातला आहे. हात बसतो, तशी नजर तयार होते.

ह्या शब्दांचा क्रम लावला तर एक श्रेणी दिसते. कित्ता कागदावर असतो, वळण हातात असते, हातोटी आणि नजर हात व डोळा ह्यांच्या संयुक्त व्यवहारात असतात. श्रेणीच्या खालच्या टोकाला शिकविणाऱ्याची स्वतःची साधना गैरलागू असते आणि वरच्या टोकाला ती अपरिहार्य होत जाते. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल ह्याने १९४९ मध्ये 'अमुक आहे हे माहीत असणे' आणि 'अमुक कसे करावे हे येणे' ह्या दोहोंत जो भेद केला, तो मराठी भाषेने आपल्या परीने केलेलाच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा आरंभ ह्या श्रेणीच्या खालच्या टोकाकडून झाला. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले, आणि त्यातील अभ्यासक्रमावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. सपाट नमुन्यावरून रेखन, मग प्लास्टरच्या प्रतिकृतीवरून छायाप्रकाश, अशी तिची पायऱ्यापायऱ्यांची रचना होती. पिढ्यान् पिढ्या शाळकरी मुलांनी दिलेल्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या परीक्षा आणि त्यांतील स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे विषय ह्याच परीक्षाप्रधान शिस्तीची आठवण करून देतात. ह्या पद्धतीचा फायदा उघड होता. थोड्या अध्यापकांकडून पुष्कळ विद्यार्थ्यांना एकसारखे शिक्षण देता येई आणि त्याची परीक्षाही घेता येई. परंतु अध्यापक स्वतः कलावंत असण्याची त्या पद्धतीला गरज नव्हती. कित्ता पुरेसा होता.

तथापि ह्याच विद्यालयात एक निराळी गोष्ट घडली. १८६५ मध्ये तेथे आलेले जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ ते १८८५ ह्या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. हेही एका अर्थी गिरविणेच होते. पण येथे कित्ता पुसट झालेला, भिंत ओबडधोबड, उजेड अपुरा, आणि कोठे काय रेखाटले होते ह्याचा निर्णय जागेवरच घ्यावयाचा. अशा कामात शिक्षक आणि विद्यार्थी एकाच अडचणीपुढे उभे असतात. अध्यापकाचे स्वतःचे काम आणि विद्यार्थ्याचे शिक्षण ह्यांतील भिंत अशा वेळी काही काळ तरी नाहीशी होते.

३. कार्यशाळेतील बोलण्याचे तीन प्रकार

कलावंत अध्यापक विद्यार्थ्याच्या कामाशेजारी उभा राहून जे बोलतो त्याचे निरीक्षण केले, तर त्याचे तीन प्रकार पाडता येतात.

पहिला प्रकार आज्ञार्थी वाक्यांचा. "हा भाग गडद कर", "मान थोडी बारीक घे", "पार्श्वभूमीला निळा रंग लाव". ह्या वाक्यांत निर्णय अध्यापकाने घेतलेला असतो आणि विद्यार्थ्याने तो अमलात आणावयाचा असतो. अशी वाक्ये नियमांवरूनही तयार करता येतात. ज्याने प्रमाणबद्धतेचे पुस्तक वाचले आहे त्याला मान बारीक घेण्याचा सल्ला देता येतो.

दुसरा प्रकार दर्शक शब्दांचा. "हे इथे बघ", "इथून असे आले पाहिजे", "हा रंग मळला", "ही रेषा मेली", "हे उठत नाही". ही वाक्ये कागदावर उतरवून घेतली तर जवळजवळ निरर्थक ठरतात. 'हे', 'इथे', 'असे' ह्या शब्दांचा अर्थ बोट कोठे आहे आणि हात कसा फिरला ह्यावर अवलंबून असतो. 'रंग मळणे', 'रेषा मरणे', 'आकार उठणे' हे प्रयोगही शब्दकोशावरून शिकता येत नाहीत. मळलेला रंग ज्याने स्वतःच्या पॅलेटवर शंभर वेळा पाहिला आहे आणि तो कोणत्या क्षणी मळतो हे ज्याच्या हाताला कळलेले आहे, तोच "आता थांब, मळेल" असे वेळेवर म्हणू शकतो. वेळ चुकली की हेच वाक्य केवळ शेरा होते.

तिसरा प्रकार प्रश्नांचा. "हे इथे का घेतलेस?", "हे काढून टाकले तर काय होईल?", "तुला नेमके काय दिसले?" असे प्रश्न कोणालाही विचारता येतील असे वाटते. परंतु प्रश्न खरा आहे की परीक्षकाचा आहे, हे विद्यार्थ्याला तत्काळ कळते. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक आहे तो परीक्षेतील प्रश्न होय. ज्या प्रश्नाशी विचारणारा स्वतःच्या कामात आजही झगडत आहे, तो निराळ्या स्वरात विचारला जातो.

अमेरिकेतील विचारवंत डोनाल्ड शॉन ह्याने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वास्तुकलेच्या वर्गातील एका संवादाचे सविस्तर विश्लेषण केले आहे. एका विद्यार्थिनीला शाळेच्या इमारतीची आकृती उताराच्या जमिनीशी जुळविता येत नसते. अध्यापक तिच्या रेखाटनावर पारदर्शक कागद ठेवतो आणि बोलता बोलता त्यावर रेखाटू लागतो. शॉनच्या ध्यानात असे आले की ह्या अध्यापकाचे बोलणे आणि रेखाटणे ही वेगवेगळी नव्हेत. दोन्ही मिळून एकच भाषा होते. त्याच्या बोलण्यात दर्शक शब्द इतके आहेत की हात पाहिल्याखेरीज ते समजतच नाही. ह्या निरीक्षणाचे महत्त्व भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोठे आहे. व्याख्यानात भाषा वस्तूच्या अनुपस्थितीत काम करते. कार्यशाळेत ती वस्तूच्या उपस्थितीत, किंबहुना वस्तू घडत असताना काम करते. म्हणून कार्यशाळेतील अध्यापन व्याख्यानाच्या मापाने मोजणे चूक आहे.

ह्या तीन प्रकारांच्या आधारे लेखाचे मुख्य प्रतिपादन असे मांडता येईल. आज्ञार्थी वाक्यांतून शैली जाते. दर्शक वाक्यांतून नजर जाते. प्रश्नांतून निर्णयाची सवय जाते. पहिल्यासाठी साधनेची गरज सर्वांत कमी, तिसऱ्यासाठी सर्वांत अधिक. पुढील उदाहरणे ह्या दृष्टीने पाहावयाची आहेत.

४. अवनींद्रनाथांपासून कलाभवनापर्यंत

अवनींद्रनाथ टागोर ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी चित्रकारांच्या सहवासातून आणि स्वतःच्या प्रयोगांतून जलरंगाची एक पद्धत सिद्ध केली. चित्र पुनःपुन्हा पाण्याने भिजवून रंगाचे थर मृदू करणे हे तिचे वैशिष्ट्य. अवनींद्रनाथांच्या बाबतीत ती एका शोधाची परिणती होती. त्यांच्या अनेक अनुयायांच्या हाती मात्र ती धूसरतेची एक ठरावीक कृती बनली. शोध मागे राहिला आणि त्याचे फळ तेवढे पुढे गेले. गुरूच्या साधनेतून केवळ शैली उचलली गेली म्हणजे काय होते, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

परंतु ह्याच अवनींद्रनाथांची दुसरी एक हकीकत आहे, आणि ती त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत सांगून ठेवली आहे. त्यांचे शिष्य नंदलाल बोस ह्यांनी तपश्चर्या करणाऱ्या उमेचे चित्र काढले होते. अवनींद्रनाथांना त्यात रंग फार कमी वाटला. उमेला थोडे सजवावे असे त्यांनी सुचविले. शिष्य चित्र घेऊन गेला. रात्री मात्र अवनींद्रनाथांना झोप येईना. आपण उमेला ज्या रूपात पाहिले त्याहून निराळ्या, कठोर तपस्विनीच्या रूपात नंदलालांनी तिला पाहिले असेल, मग आपण त्यात ढवळाढवळ का करावी, ह्या विचाराने ते अस्वस्थ झाले आणि पहाटेच शिष्याकडे धावले. नंदलाल रंग लावण्याच्या बेतातच होते. गुरूने त्यांना थांबविले.

ह्या हकीकतीत आदल्या दिवशीचे वाक्य आज्ञार्थी होते, आणि दुसऱ्या दिवशीचे ते मागे घेणे हे एका प्रश्नाचे फळ होते. तो प्रश्न अवनींद्रनाथांनी शिष्याला विचारला नाही, स्वतःला विचारला. ज्या चित्रकाराने आपल्या चित्रात एखादा रंग वाढवून ते बिघडविल्याचा अनुभव घेतलेला असतो, त्यालाच दुसऱ्याच्या चित्रातील रंगाच्या अभावाबद्दल अशी रात्रभर शंका येऊ शकते. सूचना मागे घेण्याचे हे सामर्थ्य साधनेतून येते.

नंदलाल बोस ह्यांनी १९२० च्या सुमारास शांतिनिकेतनातील कलाभवनाची धुरा घेतली आणि १९५१ पर्यंत ते तेथे शिकवीत राहिले. तत्पूर्वी त्यांनी लेडी हेरिंगहॅम ह्यांच्या पथकात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. कलाभवनात त्यांची अध्यापनाची रीत त्यांच्या नित्याच्या कामातच मिसळलेली होती. खिशात मावतील अशा कार्डांवर ते झाड, जनावर, वाटसरू, जे दिसेल ते रेखाटीत आणि ती कार्डे विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना देऊन टाकीत. असे कार्ड हा कित्ता नव्हता. काल पाहिलेल्या बकरीतून चित्रकाराने काय घेतले आणि काय सोडले, ह्याची ती नोंद होती. ती बकरी विद्यार्थ्यानेही पाहिलेली असे, म्हणून निवड कोठे झाली हे त्याला ताडून पाहता येई.

१९३८ मध्ये हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा मंडपांच्या सजावटीसाठी सुमारे चारशे चित्रफलक तयार झाले. त्यांपैकी ऐंशीहून अधिक नंदलालांच्या हातचे, बाकीचे विद्यार्थी व सहकाऱ्यांनी त्यांवरून केलेले. ढोलकी वाजविणारा, सुतार, कांडण करणाऱ्या बाया असे साधे विषय, जाड वेगवान रेषा आणि मोजके रंग. येथे गिरविणे होते हे खरे. परंतु ते वर्गातील गिरविणे नव्हते. मुदत ठरलेली होती, पाहणारे हजारो खेडूत होते, आणि रेषा लांबून दिसली पाहिजे ही अट सर्वांना सारखीच लागू होती. आपल्या रेषेचा वेग नंदलालांनी विद्यार्थ्यांना शब्दांनी समजावून सांगितला असता तर त्याला फार काळ लागला असता. चारशे फलकांच्या कामाने तो हातांना शिकविला. नंदलालांची आणखी एक रीत येथे नमूद केली पाहिजे. जे तंत्र स्वतःला नीट अवगत नाही ते शिकण्यासाठी त्यांनी जयपूरचे पारंपरिक भित्तिचित्रकार नरसिंहलाल मिस्त्री ह्यांना शांतिनिकेतनात आणले. आचार्य विद्यार्थ्यांसमवेत शिकावयास बसतो, हे दृश्य स्वतःच एक पाठ होते.

नंदलालांचे शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी ह्यांनी १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील विशाल भित्तिचित्र रंगविले. ओल्या गिलाव्यावर करावयाच्या ह्या चित्रणात गिलावा सुकण्यापूर्वी रंग लागला पाहिजे. नंतर दुरुस्तीला वाव फार थोडा. असे असूनही बिनोदबिहारींनी पूर्ण मापाचे आराखडे भिंतीवर उतरवून घेतले नाहीत. छोट्या रेखाटनांच्या आधारे ते थेट भिंतीवरच रचना करीत गेले. मदतीला विद्यार्थी होते. आराखडा आधीच तयार असता तर विद्यार्थ्यांनी केवळ त्याची अंमलबजावणी पाहिली असती. येथे त्यांनी निर्णय घडताना पाहिला: ह्या संताच्या मागे गर्दी किती, ती कोठे थांबवावयाची, पुढील आकृती कोणत्या मापाची. ह्या मदतनिसांमध्ये के. जी. सुब्रमण्यन हे एक होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

बिनोदबिहारींची दृष्टी जन्मापासूनच अधू होती आणि १९५६-५७ च्या सुमारास ती पूर्णपणे गेली. त्यानंतरही ते कलाभवनात शिकवीत राहिले, कागद कापून रचना करीत राहिले, आणि १९७२ मध्ये त्यांनी इतरांच्या मदतीने फरशांचे एक भित्तिचित्र पूर्ण केले. त्याच वर्षी सत्यजित राय ह्यांनी त्यांच्यावर अनुबोधपट काढला. डोळे गेलेला मनुष्य चित्रकला कशी शिकवितो, ह्या प्रश्नाचे उत्तर आतापर्यंतच्या विवेचनात आहे. विद्यार्थ्याचा कागद त्यांना दिसत नसे, म्हणून त्यावर बोट ठेवून दोष दाखविण्याची वाट त्यांना बंद झाली होती. उरले होते ते आयुष्यभर घेतलेले निर्णय, आणि त्यांतून उपजलेले प्रश्न. साधनेचा जो अंश डोळ्यांशिवायही टिकतो तोच अध्यापनाचा गाभा होय, असा निष्कर्ष ह्या उदाहरणावरून काढता येतो.

५. बडोदे

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि पुढल्याच वर्षी तेथे ललितकलेची विद्याशाखा सुरू झाली. कलाशिक्षण विद्यापीठीय पदवीच्या चौकटीत आणण्याचा हा आपल्या देशातील एक अग्रगण्य प्रयत्न होता. शांतिनिकेतनाशी बडोद्याचा संबंध त्याआधीच जुळला होता. गायकवाड घराण्याच्या कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रे नंदलालांनी १९३९ ते १९४६ ह्या काळात पूर्ण केली होती. नव्या विद्याशाखेत रामकिंकर बैज ह्यांचे शिष्य शंखो चौधरी शिल्पकला शिकविण्यास आले, १९५१ मध्ये सुब्रमण्यन आले, आणि चित्रकलेचे प्रमुख होते ना. श्री. बेंद्रे.

बेंद्रे ह्यांची परंपरा निराळी. १९१० मध्ये इंदूर येथे जन्मलेले हे मराठी चित्रकार देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झाले होते. त्याच शाळेतून मकबूल फिदा हुसेन आणि डी. जे. जोशी हेही पुढे आले. निसर्गचित्रणात बेंद्रे ह्यांचा हात आधीच बसलेला होता. बडोद्यास आल्यावर त्यांनी त्या यशावर विसंबून राहण्याचे नाकारले. अध्यापनाच्या त्या सोळा वर्षांत ते घनवादी रचनेकडे वळले, त्या वळणाच्या 'काटा' ह्या चित्राला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे त्यांनी अमूर्त रचनेचाही मार्ग चोखाळला. १९६६ मध्ये त्यांनी बडोदे सोडले.

अध्यापकाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ पाहण्यासारखा आहे. विद्यार्थी ज्या गुरूचे अनुकरण करावयास जाईल तो गुरूच दोन वर्षांनी दुसरीकडे गेलेला असेल, तर अनुकरणास स्थिर नमुना उरत नाही. अनुकरण करण्याजोगे एकच शिल्लक राहते, आणि ते म्हणजे पुढे जाण्याची रीत. बेंद्रे ह्यांच्या काळात तेथे शिकलेल्या कलावंतांची नुसती नावे घेतली तरी हे स्पष्ट होईल. ज्योती भट्ट मुद्राचित्रण आणि छायाचित्रण ह्यांकडे वळले, शांती दवे ह्यांनी मेणमिश्रित रंगांत काम केले, हिंमत शहा ह्यांची ख्याती भाजलेल्या मातीच्या मस्तकशिल्पांमुळे झाली, गुलाम रसूल संतोष तांत्रिक प्रतीकांकडे गेले, गुलाम मोहम्मद शेख ह्यांनी कथनात्मक चित्र जवळ केले. ह्यांतील एकाच्याही चित्राला बेंद्रे ह्यांची प्रतिकृती म्हणता येणार नाही.

सुब्रमण्यन ह्यांच्या बाबतीत साधना आणि अध्यापन ह्यांची सांगड अधिकच घट्ट दिसते. बडोद्यातील नोकरीत मध्ये खंड पाडून त्यांनी १९५९ ते १९६१ ह्या काळात हातमाग मंडळात काम केले. विणकरांच्या कामाशी त्यांचा निकटचा परिचय झाला. परतल्यावर त्यांच्या स्वतःच्या कामात माती, लाकूड, धागा, काच ही माध्यमे एकामागून एक येत गेली. लखनौच्या रवींद्रालयासाठी १९६३ मध्ये त्यांनी केलेले भाजलेल्या मातीचे भित्तिशिल्प सुमारे ऐंशी फूट लांबीचे आहे. बडोद्यात १९६१ पासून सुरू झालेल्या कलामेळ्यांत अध्यापक आणि विद्यार्थी मिळून खेळणी व शोभेच्या वस्तू तयार करून विकीत. चित्रकलेचा प्राध्यापक लाकडाची खेळणी करतो आणि ती गंभीरपणे करतो, हे पाहिल्यावर 'उच्च' कला व 'नीच' कारागिरी ह्या भेदावर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

ह्या अध्यापनाचे सर्वांत उल्लेखनीय फळ मृणालिनी मुखर्जी ह्यांच्या शिल्पांत दिसते. बिनोदबिहारींच्या ह्या कन्येने बडोद्यात सुब्रमण्यन ह्यांच्या हाताखाली भित्तिकलेचे शिक्षण घेतले आणि नैसर्गिक धाग्यांचा उपयोग करण्याची दिशा तिला तेथे मिळाली. पुढे रंगविलेल्या वाखाच्या दोरांना गाठी मारून तिने मनुष्याहून उंच, वनस्पतीसारखी व देवतेसारखीही भासणारी शिल्पे घडविली. सुब्रमण्यन ह्यांच्या कामाशी त्यांचे बाह्य साम्य जवळजवळ नाही. गुरूकडून आलेला एक प्रश्न मात्र त्यांत आहे: जे माध्यम कारागिराचे समजले जाते त्यातून मोठा आशय का व्यक्त होऊ नये? गुरूने प्रश्न दिला. उत्तर तिचे स्वतःचे होते.

सुब्रमण्यन ह्यांच्या लेखनात कलेची तुलना भाषेशी वारंवार येते, हेही येथे लक्षात घ्यावे. भाषा शिकणारे मूल ऐकलेली वाक्ये पाठ म्हणत राहत नाही. त्या वाक्यांतून ते नवी वाक्ये करण्याची शक्ती मिळविते. न ऐकलेले वाक्य जेव्हा ते बिनचूक बोलते तेव्हाच त्याला भाषा आली असे आपण म्हणतो. कलेच्या विद्यार्थ्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. मात्र मुलाला भाषा येते ती तिच्यात रोजचा व्यवहार करणाऱ्या माणसांच्या सहवासात. जी भाषा कोणीच बोलत नाही तिचे नियम पाठ करता येतात, तिच्यात सहजपणे बोलता येत नाही. साधना थांबलेल्या अध्यापकाची अडचण नेमकी ही आहे.

६. काही आक्षेप

ह्या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की उत्तम कलावंत पुष्कळदा वाईट अध्यापक असतात. हे खरे आहे. साधना ही अध्यापनाची आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नव्हे. जो कलावंत आपले निर्णय दाखवू शकत नाही किंवा दाखवू इच्छीत नाही, त्याची साधना विद्यार्थ्याच्या दृष्टीने बंद खोलीतच राहते. पारदर्शक कागद समोर ठेवून, हात चालू असतानाच बोलण्याची तयारी हा निराळा गुण आहे.

दुसरा आक्षेप अनुकरणाचा. प्रभावी कलावंत वर्गात असला की विद्यार्थी त्याच्या छायेत खुजे राहतात, असे म्हटले जाते. येथे भारताबाहेरील एक उदाहरण उद्बोधक आहे. जर्मनीतील बाऊहाउस संस्थेत शिकविलेले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत आलेले जोसेफ आल्बर्स हे १९५० ते १९५८ ह्या काळात येल विद्यापीठात होते. एकात एक बसविलेल्या चौकोनांची आपली प्रसिद्ध चित्रमालिका त्यांनी १९५० मध्येच सुरू केली. परंतु वर्गात त्यांनी विद्यार्थ्यांना ते चौकोन गिरवावयास लावले नाहीत. रंगीत कागदांचे तुकडे देऊन ते विचारीत की एकच रंग दोन ठिकाणी दोन रंगांसारखा दिसेल असे करता येईल काय. प्रश्न स्टुडिओतलाच होता. उत्तराचे माध्यम मुद्दाम बदललेले होते. ह्या अध्यापनाचे सार १९६३ च्या त्यांच्या रंगविषयक ग्रंथात आले आहे. ईव्हा हेसे ही त्यांची विद्यार्थिनी पुढे चौकोनांकडे न जाता लवचिक, लोंबत्या माध्यमांतील शिल्पांकडे गेली. तेव्हा अनुकरणाचे मूळ अध्यापकाच्या साधनेत नसून ती साधना वर्गात कोणत्या रूपाने आणली जाते ह्यात आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तोच सर्वांत कठीण आहे. अध्यापन वेळ खाते, साधनाही वेळ खाते. तासिका, परीक्षा, समित्या आणि अहवाल ह्यांतून कलावंत अध्यापकाला जो वेळ उरतो त्याला त्याचा खासगी वेळ समजण्याची प्रवृत्ती असते. ज्या तासाला वर्ग भरतो तो तास कामाचा आणि ज्या तासाला अध्यापक आपल्या कॅनव्हासपुढे उभा असतो तो छंदाचा, असा हिशेब त्यामागे आहे. वरील विवेचन मान्य केल्यास हा हिशेब चुकीचा ठरतो. "आता थांब, मळेल" हे वाक्य योग्य क्षणी उच्चारण्याची पात्रता वर्गाच्या तासात मिळत नाही. ती त्या दुसऱ्या तासात मिळते आणि तो तास बंद पडला की हळूहळू नाहीशी होते. ऱ्हास प्रथम कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण आज्ञार्थी वाक्ये शिल्लक राहतात आणि वर्ग चालू राहतो. दर्शक वाक्ये विरळ होतात, प्रश्न परीक्षकाचे होतात, आणि अभ्यासक्रम पुन्हा कित्त्याकडे सरकतो.

७. समारोप

ह्या विवेचनातून हाती येणारे निष्कर्ष थोडक्यात असे. कलावंताच्या साधनेतून अध्यापनात येणारी सर्वांत मौल्यवान वस्तू शैली नसून निर्णयाची रीत होय. ती रीत विद्यार्थ्यासमक्ष काम केल्याने, एकाच कामात सहभागी झाल्याने आणि त्या कामाला चिकटून असलेल्या बोलण्याने संक्रमित होते. शैली संक्रमित झाली आणि प्रश्न मागे राहिले तर परंपरा गोठते. प्रश्न पुढे गेले तर एकाच गुरूचे शिष्य परस्परांपासून भिन्न होतात, आणि ही भिन्नताच त्या अध्यापनाच्या यशाचे गमक मानली पाहिजे.

अभ्यासकांच्या दृष्टीने येथे कामाला मोठा वाव आहे. मराठी कलावंतांचे लेखन, पत्रे आणि व्याख्याने काही प्रमाणात छापली गेली आहेत. त्यांचे कार्यशाळेतील बोलणे मात्र हवेत विरून जाते. विद्यार्थ्याच्या चित्राशेजारी उभे राहून अध्यापक काय म्हणतो, कोणत्या क्षणी म्हणतो, त्या वेळी त्याचा हात कोठे असतो, हे ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण ह्यांच्या साहाय्याने आज सहज नोंदविता येते. 'मळणे', 'मरणे', 'उठणे', 'बसणे' ह्यांसारख्या क्रियापदांचे कार्यशाळेतील अर्थ त्यातून निश्चित करता येतील, आणि ते वापरणाऱ्यांपैकी किती जण स्वतः काम करीत आहेत हेही त्यांच्या बोलण्यावरून ओळखता येते की नाही, ह्याची परीक्षा होईल. भाषेचा अभ्यासक आणि कलेचा अध्यापक ह्यांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे.